किटो आहारावरच्या मुलाला शी होत नाही? सोलापुरातल्या पालकांसाठी पायरीपायरीने

फिट्स औषधांनी आटोक्यात येत नाहीत म्हणून डॉक्टर मुलाला किटोजेनिक आहार, म्हणजे भरपूर तूप-तेल आणि अगदी कमी कर्बोदकं असलेला आहार, सुरू करतात. झटके कमी होतायत का याकडे सगळ्या घराचे डोळे लागलेले असतात आणि तेवढ्यात दुसरंच दुखणं उभं राहतं: शी होत नाही. झाली तर खडा. मूल रडतं, पाय आवळून धरतं, ताट पुढे सारतं. किटोत वाटीतलं तूप-तेल शेवटच्या थेंबापर्यंत पोटात जावं लागतं, त्यामुळे पोट गच्च झालेलं मूल जेवेनासं झालं की आहाराचं सगळं गणितच बिघडतं. पोट दुखत असताना झटकेही वाढल्यासारखे वाटतात, असं अनेक पालक सांगतात.

हा लेख ज्या घरांत आहार मेंदूविकारतज्ज्ञ आणि डाएटिशियनच्या देखरेखीखाली चालू आहे, त्यांच्यासाठी आहे. फिट्ससाठी हा आहार १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी सुचवला. जिममधला वजन उतरवायचा किटो वेगळा, त्याची माहिती इथे लावू नका. आपल्याकडच्या बऱ्याच पालकांची किटोची टीम पुण्या-मुंबईला असते. दोन भेटींच्या मधले दिवस घरीच निभवायचे असतात, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

आधी हिशेब

किटोचं ४:१ प्रमाण म्हणजे ४ ग्रॅम स्निग्धाला प्रथिनं आणि कर्बोदकं दोन्ही मिळून १ ग्रॅम. यात ९० टक्के ऊर्जा तेला-तुपातून येते. समजा ६ वर्षांचं, १६ किलोचं मूल दिवसाला ११०० कॅलरीवर आहे. त्याच्या ताटात सुमारे ११० ग्रॅम स्निग्ध येतं आणि बाकी दोन्ही मिळून २७-२८ ग्रॅम. त्यातून वाढीसाठीची प्रथिनं बाजूला काढली की कर्बोदकांना उरतात साधारण १० ग्रॅम. एका मध्यम पिकल्या केळ्यात याच्या दुपटीहून जास्त असतात.

मुलांच्या फायबरचा ढोबळ नियम आहे: वय अधिक ५. म्हणजे या मुलाला ११ ग्रॅम हवं. फायबर पचत नाही, म्हणून ते कर्बोदकांच्या १० ग्रॅमांत धरत नाहीत आणि कागदावर ते बसतं, पण तेवढा पाला सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात जात नाही. त्यात जेवण आकारानेच लहान असतं, मग आतड्यात पुढे सरकायला फारसं काही उरतच नाही. काही मुलांचे स्नायू मुळात सैल असतात, काही मुलं चालत नाहीत, काहींना कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या असतात. हे सगळं एकत्र आलं की नुसत्या भाजी-पाण्यावर भागत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: किटोवरच्या बऱ्याच मुलांना शी मऊ ठेवणारं औषध लागतं. ते लागलं म्हणजे आईच्या हाताला काही कमी पडलं, असं मुळीच नाही.

घरातल्या आजी एक प्रश्न हमखास विचारतात: 'एवढं तूप खातंय लेकरू, मग पोट कसं साफ होत नाही?' भाकरीवर घातलेलं चमचाभर तूप वेगळं आणि सगळं जेवणच तुपाचं असणं वेगळं. जास्त स्निग्ध असलं की जठर हळू रिकामं होतं, आणि पचलेलं तूप अंगात शोषलं जातं. शी मऊ करायला ते खाली शिल्लक राहत नाही. शी मऊ राहते ती तिच्यात धरून ठेवलेल्या पाण्यामुळे.

पायरी १: वही घाला

'काल झाली होती वाटतं' या उत्तरावर डॉक्टर काही ठरवू शकत नाहीत. स्वयंपाकघरात वजनकाट्याशेजारीच एक वही ठेवा. रोज शी झाली का, कशी होती, कुंथावं लागलं का, रक्त दिसलं का, दिवसभरात पाणी किती गेलं, लघवीचा रंग कसा होता, झटके किती आले, एवढंच लिहायचं. शीच्या आकारासाठी डॉक्टर ब्रिस्टल तक्ता वापरतात. त्यात १ ते ७ प्रकार आहेत: १ म्हणजे बकरीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, २ म्हणजे गाठीगाठींची कडक, ४ म्हणजे मऊ आणि लांबट, ७ म्हणजे पाण्यासारखी. आपल्याला ४ च्या आसपास राहायचंय.

रोज झालीच पाहिजे असा हट्ट मात्र नको. किटोत जेवणातला चोथाच कमी असल्यामुळे दोन-तीन दिवसांनी होणारी शी मऊ असेल, मूल खेळत-जेवत असेल, पोट फुगलेलं नसेल, तर बिघडत नाही. उलट रोज लेंड्या पडत असतील तर ती बद्धकोष्ठताच.

पायरी २: आत खडा अडकलाय का ते पाहा

इथे घाई करून बरेच जण उलटा उपाय करतात. अनेक दिवस शी नाही, डाव्या बाजूला खाली पोटात गोळा लागतो, भूक मेलीय आणि चड्डीला मात्र सारखे पातळ डाग पडतायत, असं दिसलं तर ते जुलाब नाहीत. आत कडक शी साठून बसलेली असते आणि तिच्या कडेने पातळ शी झिरपते. अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध दिलं की दुखणं दुप्पट होतं. इसबगोल किंवा जास्तीची भाजी दिली तरी तेच, कारण दार बंद असताना आत आणखी ऐवज भरला जातो.

साठलेली शी आधी मोकळी करायची. ते काम डॉक्टरांना विचारून, त्यांनी ठरवलेल्या डोसने काही दिवसांत होतं. साबणाच्या पाण्याचा एनिमा घरी देऊ नका. दुकानात मिळणारा फॉस्फेट एनिमाही लहान मुलाला स्वतःच्या मनाने द्यायचा नाही, त्याने रक्तातल्या क्षारांचा तोल धोकादायक बिघडू शकतो.

पायरी ३: पाणी, आणि आपला उन्हाळा

पूर्वी किटोवरच्या मुलांचं पाणी मुद्दाम कमी ठेवत. आता तसं करत नाहीत. मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तरच ती पाळायची. किती पाणी हवं याचा साधा हिशेब असा: पहिल्या १० किलो वजनाला किलोमागे १०० मिली, पुढच्या १० किलोला किलोमागे ५० मिली, त्यापुढे किलोमागे २० मिली. १६ किलोच्या मुलाला म्हणजे १००० अधिक ३००, एकूण १३०० मिली. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेला की एवढंही पुरत नाही. किती वाढवायचं ते टीमशी मार्च संपायच्या आत बोलून घ्या.

टोपिरामेट किंवा झोनिसामाइड ही फिट्सची औषधं चालू असतील तर हे दुप्पट महत्त्वाचं. या औषधांनी काही मुलांना घाम कमी येतो, अंग तापतं, आणि मूतखड्याची शक्यता वाढते. किटोमुळे ती आधीच वाढलेली असते. म्हणून अनेक केंद्रं पोटॅशियम सायट्रेट देतात. लघवी गडद पिवळी, लालसर किंवा रेतीसारखी दिसली तर शीचा प्रश्न बाजूला ठेवून आधी ते कळवा.

पाणी पाजायचं कसं? एकदम तांब्याभर नाही. सकाळी मापाच्या बाटल्या भरून ठेवायच्या आणि दर तासाला थोडं-थोडं द्यायचं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या गावात साठवलेलं पाणी उकळून गार करून या बाटल्यांत वेगळं ठेवलेलं बरं. किटोवरच्या मुलाचं पोट बिघडलं तर ते सांभाळणं अवघड जातं. माठातलं गार पाणी, साखरेशिवाय जिऱ्याचं पाणी, चिमूटभर मीठ घातलेलं पाणी मुलं पितात. ताक आणि लिंबू मोजून चालतात, पण मोजूनच. शहाळं, उसाचा रस, सरबत, दुकानातली 'शुगर फ्री' पेयं यांना डाएटिशियनच्या होकाराशिवाय हात लावू नका.

एक गोष्ट माहीत असू द्या. पाणी वाढलं की लघवी पातळ होते आणि लघवी तपासायच्या पट्टीवर कीटोन (स्निग्ध जळून अंगात तयार होणारे पदार्थ) कमी दिसतात. लगेच घाबरून पाणी कमी करू नका. झटके वाढले नसतील तर टीमला विचारून रक्तातले कीटोन तपासा, तो आकडा जास्त भरवशाचा.

पायरी ४: औषध, आणि बाटलीमागचं बारीक लिखाण

किटोवरच्या मुलांसाठी बहुतेक टीम पॉलिइथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे पीईजीची पावडर आधी निवडतात. ती रक्तात जवळजवळ शोषली जात नाही, त्यात पचणारी साखर नसते, ती नुसती आतड्यात पाणी धरून ठेवते. सवय लागते ही भीती खरी नाही. मुलांच्या बद्धकोष्ठतेत रोजचा डोस साधारण किलोमागे ०.४ ग्रॅमपासून सुरू करतात आणि ०.८ ग्रॅमपर्यंत नेतात. १६ किलोला सुरुवातीचे ६-७ ग्रॅम झाले. साठलेली शी मोकळी करायला किलोमागे १ ते १.५ ग्रॅम, तेही मोजके दिवस. हे आकडे डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून दिलेत, त्यांच्याऐवजी नाहीत. दुकानात मागताना बिनचवीची पावडर मागा, चवीच्या पुड्यांत आणखी काय घातलंय ते तपासावं लागतं. कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायला देतात ती मोठी पाकिटं वेगळी, ती नकोत.

आपल्याकडे मुलाला शी होत नाही म्हटलं की चिठ्ठीवर बहुधा लॅक्टुलोजचं सिरप येतं. इतर मुलांसाठी ते चांगलं औषध आहे. पण त्या सिरपमध्ये थोडं लॅक्टोज आणि गॅलॅक्टोज, म्हणजे साखरही असते आणि त्याने गॅस होतो, म्हणून किटोवर ते टीमला विचारल्याशिवाय नको. गल्लीतल्या डॉक्टरांना हे आपणच सांगायचं: 'डॉक्टर, मूल किटोवर आहे, सिरपऐवजी बिनसाखरेचं काही देता येईल का?' कोणी रागवत नाही.

पातळ पॅराफिन असलेली पांढरी औषधं घरोघरी असतात. ज्या मुलाला गिळताना ठसका लागतो, ज्याला वारंवार उलटी होते किंवा झटक्यात शुद्ध हरपते, त्याला ती देऊ नका. पॅराफिन श्वासनलिकेत उतरलं तर फुफ्फुसाला इजा करतं. ग्लिसरीनची गुदद्वारात ठेवायची वडी अडल्या वेळी बहुतेक टीम चालवून घेतात, पण आधी विचारून ठेवा, म्हणजे रात्री अकराला धांदल होणार नाही.

आणि हाच नियम सर्दी-तापाच्या औषधांनाही: सिरपमध्ये साखर, सॉर्बिटॉल, ग्लिसरीन असू शकतं. गोळी किंवा बिनसाखरेचं औषध मिळतंय का पाहायचं.

पायरी ५: मंडईतून काय आणायचं

शी मऊ झाली, नियमित झाली, की मग फायबर. लक्ष्मी मंडईत किंवा दारावर येणाऱ्या गाडीवर किटोला चालणाऱ्या भाज्या भरपूर असतात: मेथी, चाकवत, दुधी, दोडका, घोसाळं, कोबी, काकडी, कोवळी भेंडी. यांत मेथी मला सगळ्यांत कामाची वाटते. १०० ग्रॅम पानांत पचणारी कर्बोदकं साधारण २ ग्रॅम आणि फायबर जवळपास ५ ग्रॅम. बारीक चिरून भरपूर तेलात परतली आणि अंड्याच्या पोळीत किंवा पनीरमध्ये दडवली की मुलं खातात. पालक चालतो, पण त्यात ऑक्झलेट जास्त असतं, मूतखड्याची धास्ती असलेल्या मुलाला रोज नको. बटाटा, रताळं, बीट, गाजर, कांदा यांचं वजन न करता काहीच नको.

इथे पालकांचा हिशेब एका जागी फसतो. अमेरिकी पाकिटांवर 'एकूण कर्बोदकं' लिहिलेली असतात, त्यातून फायबर वजा करावं लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या भारतीय तक्त्यांत मात्र कर्बोदकांच्या आकड्यातून फायबर आधीच वेगळं काढलेलं आहे. त्यातून पुन्हा वजा केलं की मुलाला ठरल्यापेक्षा जास्त कर्बोदकं जातात आणि झटके का वाढले ते कळत नाही. डाएटिशियन कोणता तक्ता वापरतात ते विचारून घ्या आणि घरी तोच वापरा.

जवस आपल्या घरात आहेच. १०० ग्रॅम जवसात स्निग्ध ३५-४० ग्रॅम, फायबर २५ ग्रॅमच्या वर आणि पचणारी कर्बोदकं त्यामानाने कमी, म्हणजे किटोला जणू मापून शिवलेलं. भाजून बारीक पूड करायची, अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. लसूण, तिखट, मीठ घालून कोरडी चटणी करा आणि ती मोजून घ्या. शेंगाचटणीवाचून सोलापूरकराचा घास उतरत नाही हे मान्य, पण शेंगदाण्यात प्रथिनं आणि कर्बोदकं दोन्ही आहेत, म्हणून ती चिमटीने नाही तर काट्यावर. घरीच कुटा, म्हणजे साखर-गुळाची शंका नको. ओलं खोबरंही चांगलं.

इसबगोल द्यायचं असेल तर साधा भुसा, चवीचा साखरवाला नाही. चहाचा एक चमचा भुसा पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचा आणि वर आणखी पाणी. कमी पाण्यात तो घशात किंवा आतड्यात फुगून अडकतो. गिळण्याचा त्रास असलेल्या मुलाला, आणि जे मूल पाणीच पीत नाही त्याला, इसबगोल देऊ नये.

नातेवाइकांचे उपाय मायेचेच असतात, पण त्यांचा हिशेब ऐका. चहाचा चमचाभर मध म्हणजे साधारण ५-६ ग्रॅम साखर, या मुलाचा निम्म्याहून जास्त दिवस संपला. दहा बेदाण्यांत सुमारे ४ ग्रॅम. गुलकंद, अंजीर, खजूर, गूळपाणी, गोड चूर्णं यांचं तेच. ज्वारीची भाकरी पोटाला चांगली असली तरी एका भाकरीत तीसेक ग्रॅम कर्बोदकं येतात. आपला जिल्हा डाळिंबाचा, द्राक्षांचा, बेदाण्यांचा, त्यामुळे पाहुणे हातात तेच घेऊन येतात. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत तर मुलाच्या हातावर तिळगूळ ठेवणारे दहाजण भेटतात. मावशी-आत्यांना आधीच फोन करून सांगा, 'याला गोड चालत नाही, फुगा द्या.' भांडणापेक्षा हे सोपं.

पायरी ६: तेल बदलून पाहायचं का?

एमसीटी तेलाने (मध्यम लांबीच्या साखळीची स्निग्धाम्लं असलेल्या खास तेलाने) शी सैल होते. ते रोजच्या हिशेबातल्या तेलाच्या जागी, थोडं-थोडं वाढवत द्यायचं असतं. वरून घातलं तर प्रमाण बिघडतं, आणि एकदम दिलं तर कळ येऊन जुलाब होतात. किती तेल काढायचं आणि किती घालायचं हे डाएटिशियनच ठरवणार. खोबरेल तेल म्हणजे एमसीटी तेल नव्हे, त्यावर तेवढ्या गुणाची अपेक्षा ठेवू नका. एवढं करूनही भागत नसेल तर टीम ४:१ वरून ३:१ वर आणून भाजीला जागा करू शकते. तो निर्णय झटक्यांकडे बघून त्यांनी घ्यायचा.

पायरी ७: बसवणं आणि हलवणं

जेवणानंतर आतडं आपोआप हालचाल करतं. सकाळच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत मुलाला पाच-दहा मिनिटं बसवा, मोबाइल न देता. भारतीय संडासात बसणं जमत असेल तर उत्तम. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. मान-पाठ न धरणाऱ्या मुलाला मागून आधार द्या किंवा फिजिओथेरपिस्टकडून योग्य खुर्ची ठरवून घ्या. आडव्या मुलाचे गुडघे हलके पोटाकडे दाबणं, पायांनी सायकल चालवल्यासारखं करणं, बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तेल लावून चोळणं, हे रोज आंघोळीआधी करता येतं. शी झाली म्हणून कौतुक करा, पण बक्षीस चॉकलेटचं नको.

शाळेतल्या संडासाच्या भीतीने मुलं दाबून धरतात. बाईंना सांगून ठेवा. पुण्या-मुंबईच्या भेटीच्या दिवशी पहाटेची हुतात्मा किंवा रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस गाठताना ही वेळ चुकतेच. आदल्या दिवशी पाणी आणि औषध चुकू नये, एवढं पाहा.

ताबडतोब दवाखाना

पोट फुगून टणक झालं, हिरवी किंवा सारखी उलटी, शीतून बरंच रक्त, ताप, मूल सुस्त पडलं, पाणीही घेईना, आठ तास लघवी नाही किंवा झटके अचानक वाढले, तर वहीत लिहीत बसू नका. सिव्हिलला किंवा जवळच्या बालरुग्णालयात न्या. पाकिटात एक चिठ्ठी कायम ठेवा: मूल किटोजेनिक आहारावर आहे, सलाईन लावण्याआधी रक्तातली साखर आणि कीटोन तपासावेत, शक्य असल्यास बिनसाखरेचं सलाईन द्यावं, आणि टीमचा फोन नंबर. रक्तातली साखर कमी निघाली तर डॉक्टर ग्लुकोज देतील. ते अडवू नका, जीव आधी. ओआरएसमध्येही ग्लुकोज असतं, लिटरला १३.५ ग्रॅम, तरी जुलाब-उलट्यांनी मूल कोरडं पडत असेल तर टीमला आणि डॉक्टरांना लगेच फोन करून काय पाजायचं ते ठरवा, थांबून राहू नका.

औषध कधी बंद करायचं?

चार दिवस नीट शी झाली की पावडर बंद, आणि पंधरवड्यात पुन्हा खडा, हे चक्र सगळ्यांत जास्त दिसतं. ताणलेल्या आतड्याला पूर्वपदावर यायला वेळ लागतो. मुलांच्या बद्धकोष्ठतेत औषध किमान दोन महिने देतात, आणि त्रास पूर्ण थांबून महिना झाल्यावरच डोस हळूहळू उतरवतात. किटो चालू असेपर्यंत काही मुलांना थोडा डोस राहतोच. डोस उतरवताना वही पुन्हा रोज लिहा, आणि ४ चे २ होऊ लागले की मागच्या डोसवर जाऊन टीमला कळवा. ही उतरण मे महिन्यात सुरू करू नका, पावसाळ्यापर्यंत थांबा.